समाजकार्याच्या अभ्यासात माणसाचं वय कसं आलं?

नोव्हेंबर १९५२. लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये डॉक्टर आणि परिचारिकांपुढे एक कृष्णधवल माहितीपट दाखवला गेला. त्यात होती लॉरा, वय २ वर्षं ५ महिने, हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी ८ दिवस रुग्णालयात राहिलेली. ती फारशी रडत नाही. मधूनच चेहरा ताणला जातो, ती आईबद्दल विचारते, आणि आई भेटायला आली की तोंड फिरवते. सभागृहातले बरेचजण चिडले. हे मूल प्रातिनिधिक नाही, रुग्णालयांची ही बदनामी आहे, असे आरोप झाले. खरं तर लॉराची निवड प्रतीक्षायादीतून, मुद्दाम कुणाला न हेरता, झाली होती आणि चित्रीकरणाच्या वेळा ठरलेल्या होत्या. पुरावा म्हणून भिंतीवरचं घड्याळही चित्रात ठेवलं होतं.

हा माहितीपट जेम्स रॉबर्टसन यांनी केला होता. ते डॉक्टर नव्हते. ग्लासगोजवळच्या कामगार वस्तीतला हा माणूस युद्धकाळात लंडनच्या हॅम्पस्टेड भागात बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांच्या बालगृहात पाणी तापवायचा बंब सांभाळण्यापासूनची कामं करत होता. तिथला नियम मला फार मोलाचा वाटतो: मुलांबद्दल जे दिसेल ते प्रत्येक कर्मचाऱ्याने कार्डावर लिहून ठेवायचं. रॉबर्टसन यांचं निरीक्षण तिथे घडलं. पुढे ते मानसोपचार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते झाले आणि १९४८मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिक या मानसोपचार केंद्रात मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्यासोबत काम करू लागले.

त्या वेळी ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांत आईवडिलांना आठवड्यातून अगदी मोजक्या वेळा भेटता येई. भेटीनंतर मुलं रडतात, त्यापेक्षा भेट नकोच, असा तर्क होता. काही दिवसांनी मूल शांत झालं की ‘रुळलं’ म्हणायचं. रॉबर्टसन यांनी वॉर्डात बसून जे पाहिलं ते याच्या उलट होतं. आधी आक्रोश, मग हताशा, मग अलिप्तपणा. परिचारिकेला जे रुळणं वाटत होतं, ती अनेकदा मुलाने सोडून दिलेली आशा होती. १९५९मध्ये तिथल्या सरकारने नेमलेल्या प्लॅट समितीने भेटींवरची बंधनं उठवण्याची शिफारस केली.

बोल्बी यांचा जागतिक आरोग्य संघटनेसाठीचा अहवाल त्याआधी, १९५१मध्ये आला होता. त्यात आईवर इतका भर होता की पुढे बायकांनी घरीच थांबावं यासाठी त्याचा वापर झाला. १९७२मध्ये बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी तो गोंधळ सोडवायला मदत केली: आईपासून थोडा काळ दूर राहणं आणि कुणाचंच जवळचं नातं न लाभणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आजी, मावशी, वडील, कुणीही स्थिर माणूस मुलाला आधार देऊ शकतो. घरभेटीला जाणाऱ्या कार्यकर्तीसाठी हा फरक फार महत्त्वाचा आहे.

बालपणापलीकडे अभ्यास गेला तो मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांच्यामुळे. १९५०मध्ये त्यांनी मांडलेल्या आयुष्याच्या आठ टप्प्यांत म्हातारपणही होतं. पण टप्प्यांची शिडी सगळ्यांना सारखी धरली की चूक होते. समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी १९७४मध्ये अमेरिकेतल्या १९३०च्या दशकातल्या महामंदीत वाढलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरची मिळकत कोसळली तेव्हा मूल कोणत्या वयाचं होतं, यावर परिणाम बदलत होता. दुष्काळ, स्थलांतर किंवा गिरणीबंदी पाहिलेल्या कुटुंबांकडे बघताना मला एल्डर जास्त उपयोगी वाटतात.

आपल्याकडे या ज्ञानाला घर मिळालं ते मुंबईत. अमेरिकी मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने १९३६मध्ये नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. १९३७मध्ये त्याचं बालमार्गदर्शन केंद्र उघडलं, १९४४मध्ये शाळेचं नाव टाटा सामाजिक विज्ञान संस्था झालं आणि १९४६मध्ये जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली.

आज हा इतिहास कायद्याच्या मुदतींत दिसतो. २०१५चा बाल न्याय कायदा संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानतो. सोडून दिलेलं मूल दत्तकासाठी मोकळं आहे, हे बालकल्याण समितीने दोन वर्षांपर्यंतच्या मुलाबाबत २ महिन्यांत आणि त्याहून मोठ्याबाबत ४ महिन्यांत जाहीर करायचं असतं. तान्ह्या मुलाचे आठवडे वाया जाऊ नयेत ही समज त्या आकड्यांत आहे. कागदपत्रं रखडतात तेव्हा नेमकं तेच वाया जातं, म्हणून मुदत चुकवणं ही केवळ कार्यालयीन ढिलाई मानू नये.

वार्धक्याबाबत अशी बारीक समज अजून हवी. २००७चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा ६० वर्षांवरच्या सगळ्यांना एकाच व्याख्येत घेतो. नातवंडांना शाळेत सोडणारी ६२ वर्षांची आजी आणि अंथरुणाला खिळलेले ८८ वर्षांचे आजोबा यांच्या गरजा मात्र दीड-दोन वर्षांचं मूल आणि शाळकरी मूल यांच्याइतक्याच वेगळ्या असतात.