उसाच्या बाजारात खरेदीदार किती?

ऊस तोडला की शक्यतो 24 तासांच्या आत कारखान्याच्या गव्हाणीत पडायला हवा. उशीर झाला तर वजन घटतं आणि कांडीतली साखर ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये मोडू लागते. त्यांचे दाणे तयार होत नाहीत, ते मळीत जातात. त्यामुळे महाराष्ट्रात दोनशेच्या आसपास कारखाने गाळप करत असले, तरी एका शेतकऱ्यासाठी बाजार म्हणजे ट्रॉली वेळेत आणि परवडेल अशा खर्चात पोचेल तेवढेच कारखाने. ते दोन-तीन असतात, काही ठिकाणी एकच. विकणारे हजारो आणि घेणारा एक, ही खरेदीदाराची मक्तेदारी. तिची चर्चा विक्रेत्याच्या मक्तेदारीपेक्षा फार कमी होते.

आकडे मांडून पाहू. समजा, दोन कारखान्यांत 25 किलोमीटर अंतर आहे आणि वाहतुकीला टनामागे दर किलोमीटरला 10 रुपये पडतात. एक शेत पहिल्या कारखान्यापासून 3 आणि दुसऱ्यापासून 22 किलोमीटरवर आहे. तिथला ऊस उचलायला दुसऱ्याला टनामागे 190 रुपये जास्त मोजावे लागतील. म्हणजे त्या शेतकऱ्यापुरती पहिल्याला साधारण तेवढा दर दाबायची मोकळीक मिळते. बरोबर मध्यावरच्या गावात मात्र दोघांच्याही ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. कारखाना बहुधा सगळ्यांना एकच दर देतो, त्यामुळे मधल्या गावातल्या चढाओढीचा फायदा जवळच्यालाही होतो. पण तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्यांच्या दरातून सरासरीने कापला जातो. लांबून ऊस आणला की कारखान्याला खेटून शेत असलेल्याचीही कपात वाढते.

हे अंतर कायद्यानेही राखलं आहे. केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेशात 2006 मध्ये दोन कारखान्यांत किमान 15 किलोमीटर हवाई अंतराची अट आली. महाराष्ट्रात ती 25 किलोमीटर आहे. त्यामागचं कारण खरं आहे. रोज 5,000 टन गाळणाऱ्या कारखान्याला 150 दिवसांसाठी साडेसात लाख टन ऊस लागतो, हेक्टरी 80 टन धरले तर सुमारे 9,400 हेक्टर. ऊस अपुरा पडला तर कर्जाचे हप्ते आणि पगार कमी टनांवर वाटले जातात आणि टनामागचा खर्च चढतो. मात्र त्याच अटीमुळे नवा खरेदीदार जवळ येऊ शकत नाही. साखर उद्योगावरच्या सरकारी नियंत्रणांचा विचार करणाऱ्या रंगराजन समितीने 2012 मध्ये अंतराची अट काढावी असं सुचवलं होतं. माझ्या मते ते योग्यच होतं. गुंतवणुकीची जोखीम कारखान्याने उचलावी, शेतकऱ्याच्या पर्यायांवर ती लादू नये.

दराला तळ आहे तो एफआरपीचा, म्हणजे केंद्र सरकारने ठरवून दिलेल्या किमान दराचा. 2024-25 च्या हंगामासाठी तो 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे 340 रुपये होता. त्यावर उताऱ्यातल्या दर 0.1 टक्का वाढीला 3.32 रुपये. पैसे 14 दिवसांत द्यायचे, नाहीतर वार्षिक 15 टक्के व्याज. पण दर बांधून दिला तरी खरेदीदाराची ताकद दुसऱ्या वाटांनी काम करते: वजनकाटा त्याचा, उतारा मोजणारी प्रयोगशाळा त्याची, तोडणीचा क्रमही त्याच्या हातात. दुसरा कारखाना आवाक्यात नसेल, तर थकलेल्या बिलाबद्दल भांडणाऱ्याला पुढच्या हंगामात तोड कधी मिळेल याची धास्ती असते.

कारखाने तेवढेच राहूनही ही ताकद सरकते. ऊस कमी पिकला की कारखाने लांबच्या गावांत टोळ्या पाठवतात, एफआरपीवर जादा दर जाहीर करतात. 2021-22 मध्ये ऊस भरमसाट झाला, तेव्हा मराठवाड्यात तो जूनपर्यंत फडातच उभा होता आणि वाळून हलका होत होता.