रस्त्यावरचं पार्किंग आणि लोकांच्या हरकती (गोवा)

रस्त्यावरचं पार्किंग म्हणजे सार्वजनिक रस्त्याच्या कडेला गाडी लावायला आखून दिलेली जागा, किंवा आखून न देता लोकांनी आपली आपणच धरलेली जागा, गोव्यात दुसरा प्रकार जास्त. या जागेत पालिका बदल करते तेव्हा, म्हणजे पे पार्किंग आणलं, एका बाजूला नो पार्किंग केलं, सम-विषम तारखेप्रमाणे बाजू बदलायला लावली, की त्या भागातल्या लोकांना आधी विचारायचं का, विचारायचं तर कोणाला, हा वाद दरवेळी नव्याने सुरू होतो.

मुळात गाड्याच खूप आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) गोव्यातल्या साधारण 45 टक्के घरांकडे कार निघाली, देशात सगळ्यात जास्त, आणि यात दुचाक्या, पर्यटकांच्या गाड्या, काळ्या पाटीच्या रेंट-अ-कार धरलेल्याच नाहीत. रस्ते मात्र जुने. पणजी 1843 मध्ये राजधानी झाली तेव्हा घोडागाडीचा जमाना होता, त्यामुळे मळा-फोंताइनास या पणजीतल्या जुन्या वस्तीच्या गल्लीत एक कार लागली की दुसरी आरसे मिटूनच जाते. एका कारला सव्वादोन-अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते, म्हणजे भाड्याच्या छोट्या खोलीएवढी जमीन, आणि ती दिवसभर फुकट. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात म्हटलंय की पार्किंगचा दर त्या जमिनीच्या किमतीला शोभेल असा हवा, पण हे पणजीच्या 18 जून रस्त्यावर दुकानदाराला सांगून बघा.

बदल कोण करतो हे लोकांना नीट माहीत नसतं, म्हणून शिव्या सगळ्या नगरसेवकाला. प्रत्यक्षात पालिका ठराव घेते, ट्रॅफिक पोलिस जागा बघून सांगतात, आणि नो पार्किंग किंवा एकदिशा मार्गाची अधिसूचना निघते ती जिल्हाधिकाऱ्यांकडून, ती गॅझेटमध्ये छापून येते. तालांव, म्हणजे दंडाची पावती, द्यायचं कामही पोलिसांचं. पे पार्किंगची वसुली बहुतेक वेळा ठेकेदाराकडे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 117 मध्ये गाड्या उभ्या करायच्या जागा ठरवण्याबद्दल लिहिलंय, आणि तिथे सल्लामसलत हा शब्दही आहे, पण ती स्थानिक संस्थेशी करायची, म्हणजे सरकारने पालिकेला विचारायचं. पालिकेने पुढे लोकांना विचारायचं हे त्या कलमात कुठेच नाही. इंग्लंडमध्ये असा बदल करायचा तर आधी जाहीर सूचना काढून हरकतींसाठी किमान 21 दिवस द्यावे लागतात, मग दोनच हरकती येवोत की दोनशे.

आता गोव्याची गंमत अशी की इथे लोकांना विचारायची सवय नाही असं अजिबात नाही. ग्रामसभा आहे ना! रविवारी सकाळी पंचायतीच्या हॉलमध्ये सरपंचाला घाम फोडणारी माणसं गावोगाव आहेत, रस्ता, कचरा, मेगा प्रोजेक्ट, सगळ्यावर. पण ग्रामसभा फक्त पंचायतीत. शहरांसाठी घटनेच्या कलम 243एस मध्ये प्रभाग समित्या आहेत, त्या सक्तीच्या कधी, तर लोकसंख्या 3 लाख किंवा जास्त असेल तेव्हा. 2011 च्या जनगणनेत पणजी शहर 40,017, मडगावची पालिका 90 हजाराच्या आत. गोव्यातली एकमेव महापालिका पणजीची आणि 13 नगरपालिका, कोणीच त्या आकड्याच्या जवळपासही नाही. म्हणजे झालं काय, पणजीला लागून असलेलं ताळगाव ही पंचायत, तिथे इमारती पणजीपेक्षा उंच झाल्या तरी तिथला माणूस ग्रामसभेत उभा राहून पार्किंगचं विचारू शकतो, आणि हद्दीच्या अलीकडे पणजीतल्या सांतिनेजला राहणाऱ्याने नगरसेवकाच्या घरी जायचं नाहीतर पेपरात पत्र पाठवायचं. हे मला तरी विचित्र वाटतं.

मग शहरात प्रत्यक्षात काय चालतं तर 'प्रायोगिक तत्त्वावर'. आधी बोर्ड लावायचा, पंधरा दिवस-महिना बघायचं, बोंब झाली तर मागे घ्यायचं. नाव प्रयोग असलं तरी ही एक प्रकारची हरकत-सुनावणीच, फक्त उलटी, निर्णय आधी आणि सूचना मागून. तिची अडचण अशी की आवाज एकाच बाजूचा येतो. दुकानदारांची संघटना असते, ती निवेदन घेऊन जाते, गिऱ्हाईक गाडी लावायला जागा नाही म्हणून जाईल ही भीती खोटी नाही, पण सकाळी नऊला दुकानासमोर लागून रात्री आठला हलणारी गाडी बरेचदा मालकाची नाहीतर कामगाराचीच असते, गिऱ्हाईकाची नाही. तासाप्रमाणे पैसे घेतले की हीच गाडी हलते आणि जागा फिरती राहते, पे पार्किंगचं गणित एवढंच. बसने येणारा, फुटपाथ नसल्याने रस्त्यावरून चालणारी म्हातारी, मोटारसायकलवर भाड्याने माणसं नेणारा पायलट, यांचं निवेदन कोण नेणार? आणि मळ्यासारख्या भागात राहणाऱ्यांचं दुखणं तिसरंच. घराला गॅरेज नाही, पे पार्किंग झालं तर आपल्याच दारात पैसे भरायचे, नाही झालं तर संध्याकाळी मांडवीतल्या कॅसिनोला आलेल्यांच्या गाड्या दारात. रहिवाशांना वेगळा पास हा त्यावरचा नेहमीचा उपाय, पण एका घराला पास किती, भाडेकरूला द्यायचा का, घरात तीन गाड्या असतील तर काय, हे ठरवायला तरी लोकांना एकत्र बसवावंच लागतं.

बाजाराच्या दिवशी सगळे नियम तसेही ढिले. म्हापशाला शुक्रवारी आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या, बाजाराला पार्किंगच्या पट्ट्यांवर नारळ, कांगलां ही रानफळं आणि सुपाऱ्यांचे घोस येऊन बसतात, गाड्या लांब लावून लोक पिशव्या घेऊन चालत येतात, आणि तेव्हा कोणी हरकत नोंदवत नाही.