घासलेली रेघ परत का येते?

(किट घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

आठवड्याला एक तरी प्लॅस्टिकचं मॉडेल विमान आमच्या काउंटरवर परत येतं. रंग छान, डिकॅल (चिकटवायची चिन्हं) सरळ, आणि पाठीवरून, दोन अर्धे भाग जोडले तिथे, नाकापासून शेपटीपर्यंत केसाएवढी खाच. सोबत एक वाक्य ठरलेलं: "पुट्टी खराब दिलीत." पुट्टी चांगली असते हो. घासायची घाई झालेली असते.

प्लॅस्टिक सिमेंट डिंकासारखं काम करत नाही. ते दोन्ही कडांचं पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लॅस्टिक, विरघळवतं, कडा एकमेकींत मिसळतात आणि सॉल्व्हंट (सिमेंटमधला विरघळवणारा द्रव) उडून गेलं की एकजीव होतात. तुकडा मिनिटाभरात धरतो, पण आतलं सॉल्व्हंट उडायला दिवस लागतात आणि तोवर सांधा किंचित फुगलेला असतो. तो फुगवटा तुम्ही त्याच रात्री घासून सपाट करता, दुसऱ्या दिवशी रंग मारता. मग उरलेलं सॉल्व्हंट उडतं, प्लॅस्टिक आक्रसतं आणि रंगाखाली रेघ उमटते. लालबाग-परळच्या कारखान्यांत साच्यातून काढलेल्या मूर्तीचे सांधे घासताना आपण लहानपणापासून बघतोय. ओल्या मूर्तीवर कोणी पॉलिश पेपर फिरवतं का?

आमचा हिशेब असा: पातळ सिमेंटला पूर्ण दोन दिवस, ट्यूबमधल्या घट्ट सिमेंटला चार. पावसाळ्यात बरेच जण दमट हवेच्या भीतीने जोडलेलं मॉडेल झाकणाच्या डब्यात ठेवतात. तिथे वाफ कोंडते आणि सुकणं आणखी लांबतं. उघड्यावर ठेवा, धुळीसाठी वरून वर्तमानपत्र टाका. दमट हवेचा खरा त्रास लॅकर रंगाला, त्यावर पांढुरकी झाक येते. धो धो पाऊस असेल त्या दिवशी स्प्रेला हात लावू नका.

जोडताना सिमेंटची कंजुषी नको. दोन्ही कडांना लावा, थोडं थांबा, पुन्हा लावा आणि मग दाबा. वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक कड सांध्यातून सलग वर आली पाहिजे. ती पुसू नका, तीच तुमची पुट्टी! गंडम, म्हणजे जपानी रोबोटची मॉडेल्स, जोडणाऱ्यांनी तुकडे पूर्ण बसवण्याआधी मिलिमीटरभर फट ठेवून तिच्यात सिमेंट सोडावं आणि मग दाबावं. सुकल्यावर कटरचं पातं उभं धरून ती कड खरवडा, मग 400, 600, 1000 असा वॉटर पेपर ओला करून चालवा. सपाट भागाला पेपर आइस्क्रीमच्या काडीवर गुंडाळा, कारण नुसत्या बोटाने नेमका सांध्यापाशी खड्डा पडतो. गोल धडाला स्पंज बरा.

एवढं करूनही फट राहिली तरच पुट्टी, तीही पातळ थरांत, कारण सुकताना तीही आक्रसते. घाई असेल तर फेविक्विक चालतं. मुंबईच्या दमट हवेत ते चटकन धरतं, पण तासाभरात घासून टाका. उद्यावर ठेवलंत तर ते प्लॅस्टिकपेक्षा कडक होतं आणि आजूबाजूचं प्लॅस्टिकच आधी झिजतं. काचेसारख्या पारदर्शक भागांजवळ ते अजिबात नको, वाफेने ते धुरकटतात.

आणि प्रत्येक रेघ घालवायची नसते. मिग-21च्या धडाला पंखांमागे जी गोल रेघ आहे ती खऱ्या विमानातही आहे, इंजिन काढताना मागचा भाग तिथूनच सुटतो. एका मुलाने ती दोन संध्याकाळी खपून गुळगुळीत करून आणली होती. शाबासकी द्यावी की रागवावं, कळेना.

घासून झालं की राखाडी प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, एक पातळ हात मारा. उघड्या प्लॅस्टिकवर डोळ्यांना न दिसणारी रेघ प्रायमरखाली लपत नाही. "अजून एक डबा खपवताय" असं काही जण म्हणतात. म्हणू देत, पण पूर्ण रंग उतरवायला लागणाऱ्या थिनरपेक्षा प्रायमर स्वस्त पडतो.

उघडलेली पुट्टी आम्ही परत घेत नाही, ती ट्यूबमध्येच सुकायला लागते. सांध्यांच्या रेघा घालवून देण्याच्या कामाला आठ दिवस घेतो. "रविवारी वाढदिवस आहे" म्हणणाऱ्यांना नाही म्हणतो, याचं वाईट वाटून घेऊ नका. त्यातले निम्मे दिवस मॉडेल नुसतं फळीवर असतं आणि त्याचे पैसे आम्ही लावत नाही.

शंका असेल तर रंगाआधी मॉडेल घेऊन या. शनिवारी 4 ते 7 आम्ही दुकानातच प्रायमर मारून रेघ दाखवतो. किट आमच्याकडचं असेल तर फुकट, बाहेरचं असेल तर प्रायमरपुरते पैसे.