ऑर्किडच्या कुंडीत माती घालू नका
(आमच्या रोपवाटिकेतून ऑर्किड नेणाऱ्यांसाठी)

नमस्कार.

रोप गाडीत ठेवता ठेवता बहुतेक जण विचारतात, "घरी गेल्यावर माती कुठली घालू?" आम्ही सांगतो, "घालूच नका." तरीही दर थोड्या दिवसांनी एखादं डेंड्रोबियम जातीचं ऑर्किड आमच्याकडे परत येतं, गळ्यापर्यंत माती आणि शेणखत भरलेलं. हे प्रेमापोटीच केलेलं असतं. कुंडीत नुसता कोळसा, कौलाचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे बघितले की रोप उपाशी राहणार असं कुणालाही वाटेल. म्हणूनच हे पत्रक रोपाबरोबर देतो.

मे-जूनमध्ये सावंतवाडीकडून आंबोलीला जाताना जुन्या आंब्या-फणसाच्या खोडांकडे बघा. सीतेची वेणी, आपलं रानातलं ऑर्किड, फुललेली दिसेल: पांढऱ्यावर जांभळट गुलाबी ठिपक्यांची शेकडो फुलं, आणि खाली लोंबणारा भरगच्च तुरा. आसामात हिलाच कोपौ फूल म्हणतात आणि बिहूला बायका ती केसांत माळतात. पुष्कळ जण तिला बांडगूळ समजून ओढून काढतात. बांडगूळ झाडाचा रस पितं, ही पीत नाही. ती खोडाला फक्त धरून राहते आणि पाऊस, धुकं, सालीत अडकलेला पालापाचोळा एवढ्यावर जगते. तुम्ही आमच्याकडून नेता ती डेंड्रोबियम, व्हँडा, फॅलेनॉप्सिस, ऑन्सिडियम सगळी याच वळणाची आहेत.

यांच्या मुळांवर स्पंजासारखं जाड आवरण असतं. कोरडं असताना ते चांदीसारखं पांढरट दिसतं, झारीने पाणी घातलं की बघता बघता हिरवं होतं. घरी एकदा मुद्दाम करून बघा, पाणी कधी घालायचं ते मूळच सांगतं: पांढरं दिसलं तर घाला, हिरवं असेल तर थांबा. या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीत ती हवा मिळत नाही, ओल सुटत नाही आणि बुरशी धरते.

मागच्या पावसाळ्यात बांद्याहून एक ताई जांभळं डेंड्रोबियम घेऊन आल्या. पानं पिवळी, कांड्या सुरकुतलेल्या. "रोज पाणी घालते हो, तरी सुकतंय," म्हणाल्या. कुंडी उलटी केली तर काळ्या चिखलाचा गोळा निघाला, आंबूस वासाचा. मूळ चिमटीत धरलं की वरची साल सुटून हातात यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. मुळंच मेलेली, मग पाणी वर चढणार कुठून? कुजलेलं सगळं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापलं, कापल्या जागी हळद लावली आणि रोप सावलीत कोरडं टांगून ठेवलं. दोन महिन्यांनी हिरव्या टोकाचं एक मूळ फुटलं. ते वाचलं, सगळीच वाचत नाहीत. म्हणून माती घातलेलं रोप आम्ही बदलून देत नाही. काहींना राग येतो, पण ही अट आम्ही रोप देतानाच सांगतो.

माती न घालण्याला एक अपवाद आहे, जमिनीतली ऑर्किडं. स्पॅथोग्लॉटिस जमिनीत वाढणारं ऑर्किड आहे, ते आम्हीही माती-कोकोपीटमध्येच देतो. कासच्या पठारावरची हबेनारिया नावाची ऑर्किडंही जमिनीतलीच.

पावसाळ्यात कुंड्या पागोळ्यांखाली ठेवू नका. फॅलेनॉप्सिसच्या शेंड्यात पाणी साचलं तर तो कुजतो, म्हणून ते पडवीतच बरं. डेंड्रोबियमला निम्म्या सावलीची शेडनेट पुरते. फूल झडलेली कांडी हिरवी असेल तोवर कापू नका, नव्या कोंबाचं अन्न तिच्यातच साठलेलं असतं. खत म्हणाल तर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं), लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा फवारायचं.

"एवढं महाग का?" हाही नेहमीचा प्रश्न. ऑर्किडचं बी धुळीइतकं बारीक असतं आणि त्याच्यात शिदोरी नसते. रानात एका बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. साखर घातलेल्या माध्यमावर, बुरशीशिवाय बी रुजवता येतं हे अमेरिकेत लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये दाखवलं. आजही रोपं प्रयोगशाळेतल्या बाटल्यांतच वाढतात. बाटलीतून निघाल्यावर फुलायला दोन-तीन वर्षं जातात. रानातलं रोप स्वस्तात मिळेल, पण ते आम्ही घेत नाही आणि विकतही नाही.

त्या वाट पाहण्याचं मोल फुलात दिसतं. एक फूल जवळून बघा. बाहेर तीन पाकळ्या, आत दोन, आणि सहावी अगदी निराळी, ओठासारखी पुढे आलेली. तो कीटकाला उतरायचा ओटा. पराग सुटे नसतात, त्यांचे पिवळे पुंजके असतात. कीटकाने दुसऱ्या फुलाचा पुंजका आणून ठेवला की काम झालं, फूल मान टाकतं. तोवर ते वाट बघत ताजं राहतं. फॅलेनॉप्सिसचा तुरा म्हणूनच दोन-तीन महिने टिकतो. ऑन्सिडियमची पिवळी फुलं वाऱ्यावर घागरा धरून नाचल्यासारखी हलतात, तर व्हँडाला कुंडीसुद्धा लागत नाही, मुळं मोकळी सोडून टांगायचा आणि रोज फवारायचा. या कुळात २५,००० हून अधिक जाती आहेत. आइस्क्रीममधला व्हॅनिलाही ऑर्किडच्याच शेंगेचा. पहिल्यांदाच घेणार असाल तर डेंड्रोबियम घ्या, कोकणच्या हवेत ते सगळ्यांत सोसतं.

सोडण आणि कोळसा धुऊन, मिसळून आम्ही पिशवीत भरून देतो. साधारण दोन वर्षांनी सोडण कुजून भुसभुशीत झालं की कुंडी बदलायला आणा, कुंडीचे आणि मिश्रणाचेच पैसे घेऊ. रोप आजारी वाटलं तर आधी पाणी थांबवा आणि कुंडीसकट घेऊन या. मुळं बघून सांगायचे पैसे घेत नाही. सकाळी आलात तर बरं, उजेडात मुळांचा रंग नीट कळतो.