घोड्याची शेगडी पोटात असते

जानेवारी लागला की एक व्हिडिओ हटकून फिरू लागतो. कॅनडातल्या अल्बर्टा नाहीतर सॅस्कॅचेवानचं माळरान, तापमान उणे 30, उघड्यावर उभे घोडे आणि त्यांच्या पाठीवर बोटभर जाडीचा बर्फ. खाली प्रतिक्रियाही ठरलेल्या: माणसं आहेत की कसाई, निदान एखादी झूल तरी घाला बिचाऱ्यांवर!

कळवळा खरा, पण पाठीवरचा तो न वितळलेला बर्फच घोडा ठीक असल्याचा पुरावा आहे. घोड्याच्या शरीराचं तापमान 38 अंशांच्या आसपास असतं. ती उष्णता बर्फापर्यंत पोचत असती तर बर्फ टिकलाच नसता. काळजी करावी ती बर्फ वितळून केस चिंब झालेल्या घोड्याची.

हिवाळ्याचे दाट केस थंडी वाजायला लागल्यावर उगवत नाहीत. ऑगस्ट-सप्टेंबरात दिवस लहान होऊ लागले की मेंदूतली पिनियल ग्रंथी रात्री जास्त वेळ मेलॅटोनिन सोडते आणि त्या इशाऱ्यावर केसांची तयारी सुरू होते. म्हणूनच, प्रदर्शनाच्या घोड्यांची कातडी तुकतुकीत राहावी म्हणून तबेल्यात रोज 16 तास उजेड ठेवतात. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू असतो. आपल्या अंगावर काटा आणतो तोच. तो आखडला की केस उभे राहतात आणि त्यांच्यामध्ये हवा अडकते. अडकलेल्या हवेतून उष्णता फार हळू जाते, पाण्यातून मात्र त्याच्या पंचवीसपट सहज जाते. म्हणून कोरडी थंडी घोडा सोसतो, पण 5 अंशांतल्या भिजपावसात कुडकुडतो. केस भादरलेल्या, म्हाताऱ्या किंवा हडकुळ्या घोड्याला जाड, पाणी न झिरपणारी झूल हवीच. धडधाकट घोड्यावर पातळ झूल टाकली तर उभे केस चपटे होतात आणि हवेचा थर जातो.

पण केस फक्त ऊब राखतात. ती तयार होते कुठे? माझा खरा जीव या प्रश्नाच्या उत्तरात अडकला आहे.

घोडा रवंथ करत नाही. गायीसारखे पोटाचे चार कप्पे त्याला नाहीत. त्याचं गवत जठरातून आणि लहान आतड्यातून बरंचसं तसंच पुढे सरकतं आणि सीकम नावाच्या मीटरभर लांब पिशवीत पडतं. हिच्यात तीसेक लिटर ऐवज मावतो, आणि पुढचं मोठं आतडं तर त्याहून कितीतरी मोठं. हा सगळा भाग म्हणजे चालती-बोलती गोबरगॅसची टाकी. गवतातलं सेल्युलोज पचवायला लागणारी विकरं घोड्याकडे नाहीत. ती इथल्या जिवाणूंकडे आहेत. जिवाणू सेल्युलोज आंबवून अ‍ॅसिटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक आम्लं तयार करतात. ती रक्तात शोषली जातात आणि वैरणीवर जगणाऱ्या घोड्याची बरीचशी ऊर्जा यांतूनच येते.

आता गंमत पाहा. हा सगळा खटाटोप उधळपट्टीचा आहे. आंबवताना काही ऊर्जा उष्णता होऊन निसटते. नंतर पेशी अ‍ॅसिटिक आम्ल वापरतात तेव्हा ग्लुकोजच्या तुलनेत जास्त वाया जाते. शिवाय चघळण्याची मेहनत: किलोभर वाळलं गवत खायला घोड्याला साधारण 40 मिनिटं लागतात, किलोभर ओट तो दहाएक मिनिटांत संपवतो. ओटमधला स्टार्च लहान आतड्यात पचून थेट ग्लुकोज होतो, नुकसान कमी. कामाच्या दृष्टीनं ओट सरस; पण कडाक्याच्या रात्री हे नुकसानच उपयोगी पडतं, कारण वाया गेलेली ऊर्जा म्हणजेच ऊब. म्हणून अशा रात्री चंदी, म्हणजे ओटसारखं धान्य, वाढवण्यापेक्षा वैरण वाढवावी.

थोडं गणित करू. 500 किलोच्या घोड्याला नुसतं जगायला दिवसाला सुमारे 16,650 किलोकॅलरी पचनीय ऊर्जा लागते. मूत्र आणि वायूंतून जाणारा वाटा वजा केला तर तो उभ्याउभ्या साधारण 700 वॉट उष्णता टाकत असतो. थंडीला सरावलेल्या घोड्याला उणे 15 पर्यंत जादा काही लागत नाही, असं कॅनडातल्या अभ्यासांतून दिसलं. त्याखालच्या प्रत्येक अंशाला अडीच टक्के वाढ धरतात. उणे 35 म्हणजे 20 अंश खाली, म्हणजे 50 टक्के जादा, म्हणजे 8,300 किलोकॅलरी. किलोभर गवतात 2,000 धरल्या तर चारेक किलो गवत वर टाकायचं. एवढ्यानं शेगडी 1,000 वॉटच्या आसपास जाते.

या टाकीला पाणीही लागतं. पाणी गोठलं किंवा फार गार असलं की घोडा कमी पितो, आतड्यातला ऐवज घट्ट होतो आणि पोटशूळ उठतो. 'बर्फ खाईल की' म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा: किलोभर बर्फ वितळवून 38 अंशांपर्यंत आणायला जवळपास 500 किलोज्यूल (सुमारे 120 किलोकॅलरी) लागतात, आणि घोड्याला दिवसाला 25 लिटरच्या वर पाणी हवं. त्यापेक्षा हौदात हीटर बसवलेला बरा. ब्रँडी पाजण्याचा जुना उपाय तर उलटाच आहे. दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटतं आणि आतली उष्णता बाहेर पळते. दारं-खिडक्या गच्च बंद केलेला तबेलाही नको. मूत्रातून निघणारा अमोनिया आणि दमट हवा यांनी फुप्फुसं बिघडतात. छप्पर आणि वारा अडवणारी भिंत पुरते.

वाऱ्याची भिंत किती महत्त्वाची, हे ब्रिटिश संशोधक रॉबर्ट स्कॉटच्या अंटार्क्टिक मोहिमेत दिसलं. 1911 मध्ये मंचुरियातून आणलेल्या तट्टांसाठी मुक्कामावर बर्फाच्या भिंती रचाव्या लागत. पिठासारखा बारीक बर्फ केसांत शिरून अंगाच्या उबेनं वितळे आणि तट्टं खंगत. कुत्री मात्र बर्फात वेटोळं करून खुशाल झोपत.

नवजात पिल्लांचं शास्त्र वेगळं आहे. वासरं आणि कोकरं जन्मतःच तपकिरी चरबी घेऊन येतात; ती जाळून थेट उष्णता मिळते. डुकराच्या पिल्लांत ती नसते, म्हणून त्यांच्यावर दिवा टांगावा लागतो. वासराला मात्र आधी पुसून कोरडं करायचं आणि लगेच चीक पाजायचा.

मोठ्या जनावरांच्या बाबतीत पोटच निर्णायक. मंगोलियात जीवघेण्या हिवाळ्याला झुड म्हणतात. 2009-10 च्या झुडमध्ये 80 लाखांहून अधिक जनावरं दगावली. पारा उणे 40 च्या खाली गेला हे खरं, पण आधीचा उन्हाळा कोरडा गेल्यानं जनावरं अंगावर चरबी न साठवताच हिवाळ्यात शिरली होती आणि उरलंसुरलं गवत बर्फाखाली अडकलं होतं. तिथलं हवामान खातं झुडच्या धोक्याचा नकाशा काढतं, तेव्हा त्यात आधीच्या उन्हाळ्यात कुरणावर गवत किती उगवलं याचीही नोंद धरतं.