"त्यांना काय, सवय असते!"

पुणे-हैदराबाद रस्त्यावर मोठा अपघात झाला की सोलापुरात कॅज्युअल्टीची धावपळ सुरू होते. बाहेर ताटकळणारं कुणीतरी हमखास म्हणतं, "सिस्टरांना काय, सवय असते!" माझ्या ओळखीच्या एका सिस्टर घरी वॉशिंग मशीनचा बीप ऐकला तरी दचकतात. सासूबाईंनी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. ठसका घरभर लागला, दचकणं तसंच.

सवय का होत नाही? भीतीच्या क्षणी मेंदूतला बदामाएवढा अमिग्डला आवाज, वास पक्के ठसवतो. 'कुठे, केव्हा' ही नोंद ठेवणारा हिप्पोकॅम्पस मात्र अतिताणात अडखळतो. आठवणीवर तारीखच पडत नाही. म्हणून कॅज्युअल्टीतल्या मशीनसारखा बीप वाजला की अपघाताची ती रात्र 'आत्ता' घडते.

आता माझा आवडता भाग. आठवण म्हणजे मागावरून उतरलेली चादर, नक्षी एकदा विणली की विणली, असं पूर्वी मानत. 2000 साली न्यूयॉर्कमध्ये करीम नादेर, जोसेफ लडू आणि सहकाऱ्यांनी उंदरांना एका सुराबरोबर शॉक दिला. दुसऱ्या दिवशी नुसता सूर ऐकवला आणि लगेच अमिग्डलात प्रथिननिर्मिती रोखणारं औषध सोडलं. त्यानंतर त्या सुराला उंदीर फारसे थिजेनात! सूर न ऐकवता औषध दिलं, तर भीती शाबूत. सूर ऐकवून सहा तासांनी दिलं, तरी शाबूत. म्हणजे आठवलं की चादर पुन्हा मागावर चढते. ती परत साठवायला नवी प्रथिनं लागतात, आणि तेवढ्या वेळापुरता धागा सैल असतो.

उंदरांवरून माणसांवर थेट उडी नको. 'वाईट आठवणी पुसून देतो' म्हणणाऱ्यांपासून खिसा सांभाळा. अशा रात्री काढलेल्या सहकाऱ्यांनी एकत्र बसून बोलायचा आधारगट वेगळा. त्यात पुसायचं काही नसतं. सिस्टर ती रात्र सांगतात आणि समोरची म्हणते, "माझेही हात असेच थरथरले होते." प्रसंग तोच राहतो, 'चूक माझीच' हा धागा सुटू लागतो.

घाईही नको. ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांना लवकरच एका बैठकीत सगळं बोलतं केलं होतं. 1997 साली निष्कर्ष छापून आले: 13 महिन्यांनी त्यांच्यात आघातोत्तर ताणविकार 26 टक्के, बाकीच्यांत 9. गट लागतो तो आठवडे-महिने टिकणारा.

आणि त्यात एचओडी, म्हणजे विभागप्रमुख सर बसले, तर सिस्टर गप्प होतात. वॉर्डातले मामा आणि मावशी तर तोंडच उघडणार नाहीत. त्यांचा गट वेगळा हवा. बहुतेक ठिकाणी त्यांना बोलावतच नाहीत. त्या रात्री स्ट्रेचर मामांनीच ओढलेलं असतं, फरशी मावशींनी पुसलेली असते.