व्हॅक्सिन डेपो : देवीच्या लशीनं राखलेलं रान

बेळगावात बागांची वाण नाही. महाद्वार रोडवर संभाजी उद्यान आहे, एसपीएम रोडला शिवाजी उद्यान आहे. पण टिळकवाडीचा माणूस पहाटे फिरायला निघाला की त्याची पावलं वळतात ती व्हॅक्सिन डेपोकडे. दाट झाडी, मातीच्या पायवाटा, सुट्टीला क्रिकेट खेळणारी पोरं. शहराच्या ऐन वस्तीत एवढं मोकळं रान राहिलं, ते देवीच्या रोगामुळे.

देवीची लस मुंबईत आली १८०२ साली. त्या वर्षी १४ जूनला ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती पहिल्यांदा टोचली गेली. तेव्हा लस साठवून ठेवायची सोय नव्हती. एका मुलाच्या दंडावरच्या फोडातला द्रव काढून दुसऱ्याला टोचायचा, त्याच्याकडून तिसऱ्याला. साखळी कुठं तुटली की लस संपली. शिवाय या वाटेनं एकाचे रोग दुसऱ्याला जाण्याचं भय होतंच. म्हणून पुढं वासरांच्या कातडीवर लस वाढवण्याची पद्धत रूढ झाली. त्यासाठी गोठे लागत, चारा लागे, मोकळी जागा लागे. आणि सगळ्यात मोठा शत्रू ऊन. उष्णतेत ही लस टिकत नसे.

बेळगाव समुद्रसपाटीपासून अंदाजे अडीच हजार फुटांवर, हवा थंड, जवळच लष्कराची छावणी, आणि जिल्हा मुंबई इलाख्यातला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारनं इथं लस तयार करणारी संस्था उभी केली, तिच्याभोवती ऐसपैस आवार राखलं. गावोगाव देवी काढणाऱ्यांच्या हाती पडणारी लस इथून जाऊ लागली. आपल्या आजी-आजोबांच्या दंडावरचे गोल वण आठवा. त्यातले काही तरी याच आवारातल्या लशीचे असणार.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, त्याबरोबर संस्थाही गेली. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही, आणि १९८० मध्ये जगातून रोग हटल्याचं जाहीर झालं. मूळ काम संपलं, पण आवार राहिलं. लोक तिथं फिरू लागले, प्रदर्शनं भरू लागली, सभा होऊ लागल्या. सीमाभागातल्या मराठी माणसाला हे मैदान, बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्यासाठीही ठाऊक आहे. लशीशी नातं मात्र तुटलं नाही. जानेवारी २०२१ मध्ये उत्तर कर्नाटकासाठीच्या कोविड लशी इथल्याच शीतगृहात उतरल्या.

बेळगाव २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आलं, आणि या रानाकडेही योजनांचं लक्ष गेलं. झाडं तुटू लागली, सिमेंट आलं, तसे रोज फिरणारे नागरिक आणि पर्यावरणप्रेमी विरोधात उभे राहिले. वाद न्यायालयापर्यंत गेला. माझ्या मते विरोध करणाऱ्यांचं बरोबरच होतं. ही जागा उद्यान म्हणून आखलेली नाही, म्हणूनच तिथं रान टिकलं. पण त्याच कारणानं, मोकळी सरकारी जमीन म्हटलं की नव्या कामासाठी पहिली नजर तिच्याकडेच जाते. तिथं काय बांधायचं हे ठरवण्याआधी तिथली झाडं मोजून कागदावर यायला हवीत, आणि ती राखण्याची जबाबदारी कुणाची, हे लेखी ठरायला हवं.